फक्कीने आखलेली चाळ

नवा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हात वर करून विचारतं, "मॅडम, साइट अ‍ॅनालिसिसच्या महत्त्वाच्या टर्म्स लिहून देता का?" मी नाही म्हणते. वर्ग हिरमुसतो. मग मी सांगते, उद्या सकाळी जुने बूट घालून या, आणि येताना एक बादली, उदबत्तीचा पुडा आणि खुरपं आणा. यावर निम्म्या वर्गाला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय, आणि उरलेल्यांना वाटतं कसली तरी पूजा आहे.

मी लँडस्केप आर्किटेक्ट. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना "आमची सून झाडं लावते" एवढंच सांगायच्या, आणि मीही कधी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. जन्म गिरगावातला, लग्नानंतर दादर, आणि कामं बहुतेक या दोन्हींच्या मधल्या मुंबईत. आता नवीन कामं जवळजवळ घेत नाही, आठवड्यातून दोन दिवस शिकवते तेवढंच. हे सांगतेय ते यासाठी की दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव" मागितले आणि मी लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, मला फक्त एकच अनुभव सांगायचा आहे. पण तो कळायला आधी आमच्या धंद्यातल्या चार गोष्टी कळायला हव्यात.

साइट अ‍ॅनालिसिस म्हणजे कागदावर पहिली रेघ मारण्याआधी जागा नीट समजून घेणं. आजची मुलं इंटरनेटवरून नकाशा उतरवतात आणि त्यावर बाण काढतात. पाण्याचे निळे, उन्हाचे पिवळे, वाऱ्याचे लाल. बाण इतके सुबक असतात की ते काढणाऱ्याने त्या जागेवर कधी पाऊल ठेवलेलं नाही हे ताबडतोब कळतं. माझी बादली त्यासाठी असते. ती ओतायची आणि पाणी जाईल तिकडे चालायचं, की उतार कळतो. उदबत्ती पेटवायची आणि बाकाच्या उंचीवर धरायची, की माणूस बसल्यावर त्याला वारा लागेल की नाही ते कळतं. खुरपं मातीसाठी. कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या आवारात आम्ही खणायला लागलो तर कौलांचे तुकडे, विटा आणि कोळशाची राख निघाली. कितीही खणलं तरी माती काही निघेना. मुंबईत जमीन म्हणून जे काही आहे त्यातलं बरंचसं कुणीतरी कधीतरी आणून टाकलेलं आहे. वरून हिरवळ अंथरली म्हणून ते बदलत नाही.

गिऱ्हाइकांना हे पटवणं महाकठीण. माहीमला खाडीकडे तोंड असलेल्या घराचे एक मालक होते, त्यांना गुलाबच हवे होते. खारा वारा गुलाबाला जगू देणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वारा मीच सोडणार आहे. वर्षभर ते गुलाब आणत होते आणि वारा ते जाळत होता. शेवटी मी तिथे उंडी लावली. खाऱ्या वाऱ्यात मजेत वाढणारं, गार सावलीचं कोकणातलं झाड. आता आल्यागेल्याला ते सांगतात की उंडीची कल्पना त्यांची. सांगोत बापडे, झाड तरी जगलं.

आता तो शब्द सांगते ज्यासाठी ही सगळी प्रस्तावना केली. आम्ही बागेत फरशीचे रस्ते आखतो, काटकोनात, देखणे. लोक त्यावरून चालत नाहीत. ते हिरवळ तुडवत तिरके जातात, कारण त्यांना ज्या दारात जायचं असतं ते तिकडे असतं. थोड्या दिवसांत गवत मरून तिथे मातकट पट्टा उमटतो. याला आमच्याकडे डिझायर लाइन म्हणतात. मराठीत पायवाट म्हणता येईल, पण त्यात मनाची ओढ निघून जाते. आमच्या सगळ्या रुक्ष शब्दांमध्ये मला हा एक शब्द फार आवडतो. माळी लोकांना अजिबात आवडत नाही, ते तिथे काटेरी झुडूप लावतात.

तर लालबागचं काम. गिरणी कामगारांची एक जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. जुने भाडेकरू मागच्या विंगमध्ये परत आले, नवीन लोक पुढच्या विंगमध्ये. खाली पाच मजले गाड्यांचे, आणि त्यांच्या डोक्यावर दोन्ही विंगना मिळून एक मोठी गच्ची, जिला सगळे पोडियम म्हणतात. त्या पोडियमवरची बाग सारखी मरत होती. सोसायटीने मला बोलावलं. मी म्हटलं, येते, पण माझे विद्यार्थी आधी जागेचा अभ्यास करतील, तो होईपर्यंत मला कुणी "कधी होणार" म्हणून विचारायचं नाही. कमिटीने मान्य केलं.

पहिल्याच दिवशी कमिटीतले महेश परब मला बाजूला घेऊन गेले. पंचेचाळिशीचे, विमा कंपनीत नोकरी, बोलणं मोजकं. ते म्हणाले की नवीन प्लॅनमध्ये लिफ्टच्या लॉबीपाशी एक गेट धरा, कुलूप लावता येईल असं. कारण विचारलं तर म्हणाले, बाबांसाठी. त्यांचे वडील दत्ताराम परब गिरणीत होते, गिरणी गेल्यावर इकडेतिकडे मिळेल ते काम केलं, आणि आता त्यांना डिमेन्शिया झाला होता. माणसं ओळखत, नावं कधी जुळत कधी नाही. संध्याकाळ झाली की मात्र ते पोडियमवर यायचेच. बरेचदा ते तिथून निघून गाड्यांच्या रॅम्पवर सापडत. मागच्याच महिन्यात एका गाडीने ब्रेक मारला तेव्हा तिचा बंपर परबकाकांच्या गुडघ्याला टेकला होता.

"घरात बसले तर चिडतील, माहितेय मला," महेश म्हणाले. "चिडू देत. मला ते गाडीखाली आलेले नाही बघायचेत." बापाला कोंडायला निघालेला मुलगा म्हणून त्यांच्याकडे बघणं मला तेव्हाही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुंड्यांमधल्या मातीची खोली मोजत होते तेव्हा महेशच्या आई, परबकाकी आल्या. बारीक चणीच्या, नऊवारीतून गाउनवर आलेल्या आणि गाउनवर टॉवेल घेऊन हिंडणाऱ्या. त्यांच्या कानावर गेटचं आलं होतं. "मॅडम, ते गेट नका हो बसवू," त्या म्हणाल्या. "ह्यांना आयुष्यात कोणी कोंडून घातलं नाय. दिवेलागणीला पाय घरात ठरत नायत त्यांचे. आत ठेवलं तर दारावर डोकं आपटतील, आणि मला ते बघायला लागेल." मी त्यांना कसलंच वचन दिलं नाही. आधी बघू दे, एवढंच म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य वेळ काढण्यासाठी बऱ्याचदा वापरतात, पण या वेळी मला खरोखरच बघायचं होतं.

बघण्याचं काम तन्वीकडे होतं. ती माझी त्या वर्षीची विद्यार्थिनी, वर्गात अखंड बडबडणारी आणि साइटवर गेली की चिडीचूप होणारी. ट्रेसिंग पेपर घेऊन ती रोज संध्याकाळी एका कोपऱ्यात बसायची आणि कोण कुठून कुठे चाललं याच्या रेघा काढायची. मुलांच्या रेघा म्हणजे नुसता गुंता. फिरायला येणारे कडेकडेने. बायका सावलीतल्या बाकापर्यंत आणि तिथेच. आणि काका काकींचा हात धरून फरशीच्या रस्त्याने.

एका संध्याकाळी तिने परबकाकांच्या सगळ्या रेघा एकावर एक ठेवून मला दाखवल्या. रस्त्याच्या वळणावर प्रत्येक रेघेला एक झटका होता. रोज त्याच जागी, हिरवळीच्या दिशेने. तन्वी म्हणाली, "मॅडम, काका इथे रोज आत वळायला बघतात आणि काकी रोज त्यांना परत ओढतात. मग थोड्या वेळाने काकींची नजर चुकली की ते जातात, आणि बहुतेकदा कुणीतरी त्यांना अर्ध्यातच धरून परत आणतं."

म्हणजे आम्ही रोज काकी काकांना कुठे नेतात ते बघत होतो. काकांना कुठे जायचंय ते आम्हांला ठाऊकच नव्हतं, आणि इतर कुणालाही नव्हतं, कारण काळजीपोटी त्यांना कुणी एकटं चालूच दिलेलं नव्हतं.

मी काकींना सांगितलं, आज हात धरू नका. रॅम्पच्या तोंडाशी वॉचमन उभा करते, आपण त्यांच्या मागोमाग राहू, काही होणार नाही. काकींना हे अजिबात पसंत नव्हतं. पण वळणाशी आल्यावर त्यांनी हात सोडला.

काका हिरवळीत शिरले. भरकटलेल्या माणसाची चाल असते तशी ती नव्हती. कामावरून सुटलेला माणूस चालतो तसे ते चालत होते, सरळ, जरा घाईने. हिरवळीच्या मध्यावर काही नव्हतं, पण तिथे त्यांनी पाय उचलून पुढे टाकला, काहीतरी ओलांडावं तसा. काकी जागच्या जागी थबकल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"गटार," काकी म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोट दाखवलं. "थय गटार होता, मॅडम. आमच्या चाळीचा. पुढे बघा, आता वाकतील." आणि काका वाकले, वाळत घातलेल्या कपड्यांखालून जाताना वाकावं तेवढेच. पुढे एका रिकाम्या जागी थांबून त्यांनी हात जोडले, तिथे कधीकाळी मारुतीची घुमटी होती. मग डावीकडे वळून ते ग्रॅनाइट लावलेल्या एका भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. त्या भिंतीमागे इमारतीच्या विजेच्या केबल आहेत. काकांनी तिच्यावर टकटक केलं. थांबले. परत टकटक केलं.

"आमचं दार," काकी म्हणाल्या, आणि टॉवेल तोंडाला लावून रडायला लागल्या.

दार उघडेना म्हणून काका अस्वस्थ झाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि भिंतीला वळसा घालून मागे निघाले. चाळीला मागच्या बाजूने एक बोळ होता, त्या बोळात त्यांच्या खोलीची खिडकी होती. पुढचं दार वाजवून कुणी ऐकलं नाही तर ते खिडकीवर येऊन हाक मारत. आता त्या बोळाच्या दिशेला गाड्यांचा रॅम्प होता. काका रोज घरी येत होते आणि रोज कुणी दार उघडत नव्हतं. मी इतकी वर्षं लोकांना डिझायर लाइन शिकवली, पण त्या संध्याकाळी मला त्या शब्दाची लाज वाटली, तो इतका छोटा होता.

महेशना सांगितलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. चाळ खाली जमिनीवर होती, ही बाग पाच मजले वर, असं कसं होईल, योगायोग असेल, आईला तसं वाटत असेल. शंका रास्त होती. अंदाजावर मीही कधी बाग केलेली नाही. मी त्यांना म्हटलं, मग आखून बघू.

आखणी हा आमचा आवडता उद्योग. प्लॅन कितीही चांगला असला तरी तो जागेवर खऱ्या मापात उतरवून बघावा लागतो, आणि त्यासाठी फक्की लागते. कबड्डीच्या मैदानावर रेघा मारतात ती चुन्याची पांढरी भुकटी. तन्वी आणि तिचे दोन मित्र रविवारी सकाळी फक्कीची गोणी घेऊन आले, आणि काकींनी मागच्या विंगमधल्या जुन्या बिऱ्हाडांना निरोप दिले. मला वाटलं होतं चारपाच माणसं येतील. सगळी विंगच खाली उतरली.

पुढचे दोन तास मी फक्त ऐकत होते. लाडमावशी म्हणून काकींच्या जुन्या शेजारीणबाई होत्या, त्यांनी पहिल्यांदा स्वतःची खोली आखून घेतली आणि ती शेजारच्या खोलीपेक्षा हातभर मोठी आखली. त्यावरून भांडण. नळ कोणत्या टोकाला होता यावर एकमत, पण नळाशी पहिला नंबर कुणाचा असायचा यावर पुन्हा भांडण. जिना मधोमध होता की कडेला हे दोन म्हातारे एकमेकांना हात धरून पटवत होते. मापं काढायला कुणी टेप घेतला नाही, सगळं पावलांवर आणि हातांवर चाललं होतं, आणि तन्वी त्यांच्यामागे वाकून फक्की सोडत होती. ऊन वर आलं तेव्हा त्या महागड्या, अर्धमेल्या हिरवळीवर एक अख्खी चाळ उतरली होती. काकांच्या खोलीचं दार त्या ग्रॅनाइटच्या भिंतीत येत होतं. फूटभर इकडेतिकडे झालं असेल, तेवढं मी सोडून दिलं.

पुढच्या विंगमधून कुणीतरी कमिटीकडे तक्रार केली असावी, कारण महेश झपाझप चालत आमच्याकडे आले. बागेत हे काय चाललंय, असं ते लांबूनच म्हणत होते. चेहरा रागावलेला. आणि माझ्याकडे येता येता, गटाराच्या रेघेशी, त्यांनीही पाय उचलून पुढे टाकला.

लाडमावशी मोठ्याने हसल्या. "बघ, बाळ्याक पण आठवता," त्या म्हणाल्या. घरात त्यांना बाळ्या म्हणत. महेश खाली बघत राहिले. मग घुमटीच्या बाजूने वळले आणि आपल्या खोलीच्या पांढऱ्या चौकोनात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात थोडे पसरून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"आई, एवढीच होती?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा लहान वाटली नाय रे," काकी म्हणाल्या.

गेटचं त्या दिवसानंतर महेशनी नाव काढलं नाही. पण नुसतं गेट रद्द करून भागणार नव्हतं. रॅम्पचा धोका खरा होता आणि बंद भिंतही खरी होती. साइट अ‍ॅनालिसिसमध्ये आम्ही दोन रकाने करतो, काय बदलता येतं आणि काय बदलता येत नाही. रॅम्प हलत नव्हता, केबलची भिंत हलत नव्हती, काकांची वाट तर मुळीच हलत नव्हती. रॅम्पच्या बाजूला आम्ही कठडा घेतला आणि त्यापुढे कामिनीची दाट रांग लावली, म्हणजे तिकडे बोळ आहे असं वाटूच नये. काकांच्या वाटेवर हिरवळ काढून फरशी टाकली. पुढच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी विचारलं की हा रस्ता असा वाकडा का. मी म्हटलं, पाण्याच्या निचऱ्यासाठी. ते समाधानाने गेले.

राहिली भिंत. तन्वीने कुठेतरी वाचलं होतं की परदेशात अशा रुग्णांसाठी खोटी दारं, खोटे बसस्टॉप करतात. तिने भिंतीवर जुन्या पद्धतीचं लाकडी दार काढून आणलं, कडीकोयंड्यासकट. चित्र सुंदर होतं. काकींनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि नको म्हणाल्या. "उघडलं नाय तर दार कशाला बाय? बंद दार तर त्यांना आतापण आहे."

मी विचारलं, मग पूर्वी ते दार वाजवायचे तेव्हा काय व्हायचं? काकींना प्रश्नाचं नवल वाटलं. काय व्हायचंय, त्या म्हणाल्या, पाळी सुटायच्या वेळेला मी ओट्यावरच बसलेली असायची तांदूळ निवडत. मी नसले तरच ते दार वाजवायचे.

म्हणून आम्ही ओटा केला. पोडियमवर फार वजन चालत नाही, त्यामुळे आतून हलक्या विटा आणि वरून कडप्पा. भिंतीला टेकता येईल एवढा रुंद. उदबत्ती पेटवून वारा पाहून घेतला. बाजूला एक सोनटक्क्याचा वाफा. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत साधं डिझाइन असेल, त्याला बक्षीस मिळण्याची कधी शक्यता नव्हती.

काम पूर्ण झालं त्या संध्याकाळी आम्ही सगळे लांब उभे राहिलो. काकी ताटात तांदूळ घेऊन ओट्यावर बसल्या. काका लिफ्टमधून आले, एकटे. गटाराशी पाय उचलला, दोरीखालून वाकले, हात जोडले, वळले. काकींना पाहून त्यांची चाल मंदावली.

"इलात?" काकींनी विचारलं.

"इलंय," काका म्हणाले. चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी बसले. तन्वी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि महेश रॅम्पच्या कठड्याकडे तोंड करून उभे होते.

पुढची दोन वर्षं हे रोज चाललं. कधी त्या बाजूला मी गेले तर काकी मला ओट्यावर बसवून घ्यायच्या आणि तांदळातले खडे काढायला लावायच्या. हल्लीच्या तांदळात खडे नसतात, पण त्या शोधायच्या.

मग काकी गेल्या. थोडा ताप, मग न्यूमोनिया, आणि हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत. तन्वीचा फोन आला तेव्हा मला त्यांच्याइतकंच त्या ओट्याचं वाईट वाटलं, हे लिहायला बरं वाटत नाही पण खरं आहे. आमच्या त्या बागेची सगळी भिस्त एका माणसावर होती. उतार पाहिला, वारा पाहिला, माती पाहिली, आणि काकी किती दिवस पुरतील हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. काका आता त्या भिंतीपाशी येऊन दार वाजवत असतील, या विचाराने मला तिकडे जायचा धीर होईना. कामिनीला कीड लागलीय असा माळ्याचा निरोप आला, तो मी आठवडाभर टाळला.

शेवटी एका संध्याकाळी गेले. कामिनीची पानं उलटून बघत होते तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि काका आले. खूप थकले होते, पण वाट तीच. मी झाडाआड थांबले. ते ओट्याशी पोचले तेव्हा तिथे महेश बसले होते. ऑफिसच्या कपड्यांत, बाजूला बॅग. रोज घाईने सुटून ते वेळेवर इथे येऊन बसतात, हे मला वॉचमनने नंतर सांगितलं.

काका थांबले. त्यांनी महेशकडे बघितलं, मग ओट्याच्या रिकाम्या बाजूकडे.

"तुझी आवस खय?" त्यांनी विचारलं.

मी महेशना कधी मालवणीत बोलताना ऐकलं नव्हतं. ते आईशीही मराठीतच बोलायचे.

"बाजारात गेली, बाबा," महेश म्हणाले. "येतली."

काकांनी चपला काढल्या. हळूहळू बसले, आणि बसल्यावर थोडं सरकून दोघांच्या मध्ये आणखी एका माणसापुरती जागा केली.

"बरा," ते म्हणाले. "दोघाय वाट बघूया."

महेशनी बॅग उचलून मांडीवर घेतली, आणि मधली जागा तशीच ठेवून दोघं लिफ्टच्या दिशेला बघत बसले.